चंद्राची साक्ष

बखरीत एखाद्या प्रसंगाचा उल्लेख नाही, एवढ्यावरून तो प्रसंग घडलाच नाही असे म्हणता येईल काय, हा वाद आमच्या इतिहाससंशोधकांत पुष्कळ वेळा झडलेला आहे. एक पक्ष म्हणतो, की ज्याची नोंद नाही ते मानण्याचे कारण नाही. दुसरा म्हणतो, की बखरकाराचे मौन हा पुरावा नव्हे. आमच्या मते या वादाचा निकाल निराळ्याच प्रश्नावर अवलंबून असतो. तो प्रसंग घडला असता, तर तो या लेखकाच्या कानी खात्रीने आला असता काय, व आला असता तर त्याने तो लिहिला असता काय? या दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तरच मौनास काही मोल. हा विवेक दप्तरे चाळणारांनाच लागतो असे नाही. आकाशाच्या अभ्यासातही तो लागतो. आणि तो सुटला म्हणजे मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही कशी फसगत होते, याचे एक उदाहरण आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. या खटल्यातील साक्षीदार मात्र मनुष्य नव्हे. तो आकाशातील चंद्र होय.

ज्या वस्तूविषयी ही साक्ष झाली तिचा पूर्वेतिहास प्रथम सांगितला पाहिजे. १०५४ सालच्या जुलैच्या ४ तारखेस, म्हणजे शके ९७६ मध्ये, चीनमधील सुंग राजवटीच्या ज्योतिषांस पहाटेच्या वेळी वृषभ राशीत, बैलाच्या एका शिंगाच्या टोकाशी, एक 'पाहुणा तारा' दिसला. तो तेवीस दिवसपर्यंत दिवसाउजेडीही दिसत होता, आणि रात्री तर पावणेदोन वर्षांहून अधिक काळ दिसत राहून १०५६ च्या एप्रिलात नाहीसा झाला. जपानातील दरबारी कवी फुजिवारा नो तेइका याने पुढे १२३० च्या सुमारास आपल्या रोजनिशीत या ताऱ्याची जुनी हकीकत उतरून ठेवली आहे. आमच्या देशातील ग्रंथांत त्याची निर्विवाद म्हणता येईल अशी नोंद मिळालेली नाही. म्हणून तो येथे कोणी पाहिलाच नाही असे मानावे काय? दिवस ऐन पावसाळ्याचे होते, एवढेच आम्ही सुचवून ठेवतो.

त्याच जागी १७३१ साली जॉन बेव्हिस या इंग्रज वैद्यास दुर्बिणीतून एक पुसट ढग दिसला. १७५८ त शार्ल मेसिए यास धूमकेतू पाहताना तोच ढग आढळला, व धूमकेतूची भूल पाडणाऱ्या वस्तूंच्या आपल्या प्रसिद्ध यादीत त्याने त्यास पहिला क्रमांक दिला. पुढे आयर्लंडातील लॉर्ड रॉस यांनी आपल्या मोठ्या दुर्बिणीतून पाहून जे चित्र काढले, त्यात त्या ढगाला नांग्यांसारखे तंतू फुटलेले होते. तेव्हापासून त्यास 'क्रॅब', म्हणजे खेकडा, हे नाव पडले ते कायमचे. १९२१ साली निरनिराळ्या वर्षांची छायाचित्रे ताडून पाहता ही खेकडा अभ्रिका दिवसेंदिवस पसरत आहे असे दिसून आले. पसरण्याच्या वेगावरून मागे हिशेब केला, तर तिचा जन्म सुमारे नऊशे वर्षांपूर्वी पडतो. हबल यांनी १९२८ त हा हिशेब चिनी नोंदीशी जोडला, आणि १९४२ साली चिनी विद्येचे डच पंडित डुइफेंडाक, व त्यांच्याबरोबर ऊर्ट आणि मेयॉल हे ज्योतिषी, यांनी मूळ नोंदी तपासून ती गाठ पक्की केली. दप्तर आणि दुर्बीण यांनी एकमेकांस दिलेला असा दुजोरा विरळाच.

मेलेल्या ताऱ्याच्या राखेत मागे काय उरते, हा पुढचा प्रश्न. न्यूट्रॉनचा शोध १९३२ त लागला, आणि लगेच १९३४ त बाडे आणि झ्विकी या दोघांनी असे धाडसी अनुमान मांडले, की अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटात मूळ ताऱ्याचा गाभा आकसून केवळ न्यूट्रॉनांचा बनलेला एक चिमुकला, अतिघन गोळा शिल्लक राहत असावा. आजच्या गणिताने या गोळ्याचा व्यास सुमारे वीस किलोमीटर भरतो. म्हणजे मुंबई शहरात मावेल एवढ्या जागेत सूर्याहून अधिक द्रव्य! त्या काळी हे कोणी फारसे मनावर घेतले नाही. तरी बाडे आणि मिन्कोव्स्की यांनी १९४२ साली अभ्रिकेच्या मध्याशी असलेल्या दोन क्षीण ताऱ्यांपैकी नैर्ऋत्येकडील तारा हाच त्या स्फोटाचा अवशेष असावा, असे बोट दाखवून ठेवले होते. त्या ताऱ्याच्या वर्णपटात एकही रेषा दिसत नसे. बोट बरोबर ठिकाणी होते. पण ते खरे ठरण्यास सव्वीस वर्षे लागावयाची होती.

याच सुमारास आकाश पाहण्याची एक नवी रीत निघाली. डोळ्यांस दिसणारा प्रकाश सोडून देऊन आकाशस्थ वस्तूंपासून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपावयाच्या, अशी ही रीत. सिडनीजवळ डोव्हर हाइट्स येथे समुद्रावर तुटलेल्या कड्यावर जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅनली आणि ब्रूस स्ली हे तिघे तरुण एक साधा तारांचा सांगाडा उभारून बसले. क्षितिजावर उगवणाऱ्या वस्तूची एक लहर त्यांच्याकडे थेट येई, व दुसरी समुद्रपृष्ठावरून परावर्तन पावून येई. दोहोंच्या मिलाफाने लेखणी वरखाली नाचे, आणि त्या नाचाच्या तालावरून वस्तूची दिशा काढता येई. समुद्राला आरसा करण्याची ही युक्ती आम्हांस फार रम्य वाटते. १९४८ त बोल्टन आणि स्टॅनली हे याच कामासाठी न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरही जाऊन आले. १९४९ साली तिघांनी तीन रेडिओ उगमांचा पत्ता जाहीर केला. त्यातील वृषभेचा उगम म्हणजे आमची खेकडा अभ्रिका. उरलेले दोन कन्या व नरतुरंग या तारकासमूहांतील, आणि ते आपल्या आकाशगंगेच्या पलीकडील प्रचंड दीर्घिकांशी जुळत होते. परंतु इतक्या दुरून एवढी शक्ती येते हे त्या वेळी खरे वाटणेच कठीण होते. म्हणून त्या दोन वस्तू जवळच्याच असाव्यात अशी शंका या तिघांनी आपल्या लेखात व्यक्त केली. आज त्याच दोन दीर्घिका 'सक्रिय दीर्घिकां'चे नमुने म्हणून पाठ्यपुस्तकांत शिकवल्या जातात, आणि कन्येतील दीर्घिकेच्या केंद्रस्थ कृष्णविवराच्या छायेचे चित्र १९ साली नव्हे, आमच्याच डोळ्यांदेखत २०१९ साली प्रसिद्ध झाले.

खेकड्यास परत येऊ. १९५३ त रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी असा सिद्धांत मांडला, की या अभ्रिकेचे रेडिओ लहरींपासून दृश्य प्रकाशापर्यंतचे तेज उष्णतेचे नव्हे. चुंबकक्षेत्रात गरगर फिरणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचे ते तेज होय. असे असेल तर तो प्रकाश विशिष्ट दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, असला पाहिजे. आणि पुढच्या दोनतीन वर्षांत तो तसा आढळलाही. परंतु यातून एक नवीच पंचाईत उभी राहिली. असे इलेक्ट्रॉन जितके जोरकस तितके लवकर थकतात. नऊशे वर्षांपूर्वीच्या स्फोटातील शिदोरी आजपर्यंत पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा या अभ्रिकेस आजही कोणीतरी रोज अन्न पुरवीत असले पाहिजे. हा अन्नदाता कोण?

१९६२ च्या जूनमध्ये रिकार्दो जियाकोनी यांच्या मंडळीस अग्निबाणातून सोडलेल्या यंत्रावर सूर्यमालेबाहेरून येणारे क्ष-किरण प्रथम सापडले. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून वर जाण्याचा हा खटाटोप. पुढल्याच वर्षी अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेतील हर्बर्ट फ्रीडमन यांच्या मंडळीस खेकडा अभ्रिकेकडूनही क्ष-किरण येत असल्याचे आढळले. नुकत्याच आकसलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा पृष्ठभाग लक्षावधी अंश तापलेला असणार व त्यातून क्ष-किरण निघणार, असे गणित तेव्हा तयारच होते. मग अन्नदाता सापडला काय? हे किरण एका बिंदूतून येतात की साऱ्या ढगातून, एवढे कळले की निकाल लागणार होता. परंतु त्या काळच्या क्ष-किरण यंत्रांची दृष्टी इतकी जाड, की ढग व बिंदू यांतला भेद त्यांस कळत नसे. तेव्हा चंद्रास साक्षीला बोलवावे, असे ठरले.

आमच्या पंचांगवाचकांस 'पिधान' ही गोष्ट नवी नाही. चंद्र एखाद्या ताऱ्याच्या आड येऊन त्यास झाकतो, ते पिधान. तारा हा बिंदू असल्याने तो पापणी लवते न लवते तोच नाहीसा होतो. ढगासारखी विस्तृत वस्तू असेल तर ती हळूहळू बुजते. चंद्राची कडा ही अशी जगातील सर्वांत धारदार सुरी आहे, आणि तिला मोल पडत नाही. अडचण एवढीच, की ती आपल्या सोयीने चालत नाही. चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्ताशी सुमारे पाच अंशांनी कललेला असून त्या मार्गाचे पात, म्हणजे आमचे राहू व केतू, साडेअठरा वर्षांत आकाशास एक फेरी घालतात. म्हणून विवक्षित तारा चंद्राच्या वाटेवर ठराविक वर्षांतच येतो. ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ यांनी चंद्र रोहिणीचा गाडा केव्हा भेदतो याचा नियम राहूच्या स्थानावरून बांधून दिला, तो याच कारणाने. खेकडा अभ्रिका रोहिणीच्या पूर्वेस त्याच वृषभात आहे. तिच्या पिधानांची पर्वणी कधी आठ तर कधी अकरा वर्षांच्या अंतराने येते. १९५६ सालच्या पर्वणीत केंब्रिजच्या रेडिओ ज्योतिषांनी तिचा उपयोग उलट्या दिशेने करून घेतला होता. अभ्रिकेच्या लहरी चंद्राच्या कडेजवळून येताना कितपत वाकतात हे मोजून, चंद्राभोवती वातावरण म्हणण्याजोगे काही नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

चंद्राच्या साक्षीची मातब्बरी मात्र वाढली ती १९६२ साली. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे तेव्हा बोल्टन हेच प्रमुख होते. कन्या राशीतील '३सी २७३' नावाच्या रेडिओ उगमाचे पिधान तेथून त्या वर्षी अनेकवार दिसणार होते. सिरिल हॅझर्ड यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते टिपले. एका पिधानाच्या वेळी उगम क्षितिजाच्या इतका जवळ होता, की अजस्र तबकडी नेहमीच्या मर्यादेखाली वाकविण्यासाठी तिचे अडसर काढावे लागले व वाटेतील झाडेही तोडावी लागली, असे सांगतात. फळ मात्र श्रमांस साजेसे मिळाले. उगमाची जागा एका विकलेपर्यंत नेमकी ठरली. तेथे दुर्बिणीतून पाहता निळसर ताऱ्यासारखी एक वस्तू दिसली. आणि १९६३ च्या आरंभी मार्टिन श्मिट यांनी तिच्या वर्णपटातील कोडे सोडवून, ती तारा नसून अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेली प्रचंड तेजस्वी वस्तू आहे, असे सिद्ध केले. क्वेसारांचा शोध तो हाच. चंद्र बोलला आणि विश्वाची हद्द एकदम लांब सरकली. अशा साक्षीदारावर पुढल्या खटल्यात कोण अविश्वास दाखवील?

तो पुढला खटला १९६४ च्या जुलैच्या ७ तारखेस न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे चालला. संपूर्ण अभ्रिका झाकण्यास चंद्रास सुमारे बारा मिनिटे लागणार होती. अग्निबाण वातावरणाच्या वर राहणार अवघी पाच मिनिटे. चंद्राची कडा मध्यावरील ताऱ्यांजवळून सरकेल त्याच पाच मिनिटांत यंत्र वर असले पाहिजे, असा मुहूर्त साधावयाचा होता. चुकला, तर पुन्हा दहा वर्षांची वाट. फ्रीडमन, बॉयर, बायरम व चब या चौघांनी तो साधला. क्ष-किरणांची संख्या चंद्र सरकेल तशी हळूहळू घटत गेली. एकदम तुटली कोठेच नाही. किरणांचा उगम सुमारे एक कला रुंदीचा, म्हणजे तेथील अंतराच्या मानाने जवळजवळ एक प्रकाशवर्ष विस्ताराचा, निघाला. बिंदू नव्हे, ढग! साक्ष इतकी स्पष्ट होती, की न्यूट्रॉन ताऱ्याचा पक्ष त्याच दिवशी निम्मा हरला. असे तारे जन्मल्यावर फार लवकर निवतात, असे बाकॉल व वुल्फ यांचे गणित १९६५ त पुढे आले, तेव्हा उरलेला निम्माही हरल्यासारखा झाला.

त्याच १९६५ साली केंब्रिजहून अँटनी ह्यूइश व नायजेरियातून तेथे शिकावयास आलेले सॅम्युअल ओकोये यांनी एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. सूर्याकडून वाहणाऱ्या विरळ वायूतून येताना अभ्रिकेच्या दीर्घ रेडिओ लहरींचा काही अंश ताऱ्यासारखा लुकलुकतो, असे त्यांस आढळले होते. लुकलुकतो तो बिंदू. ग्रह किंवा ढग लुकलुकत नाहीत, हे लहान मुलासही ठाऊक आहे. म्हणजे अभ्रिकेच्या पोटात काहीतरी अतिशय लहान व अतिशय प्रखर असे होतेच. या साक्षीकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही. दोन साक्षी परस्परविरुद्ध दिसल्या म्हणजे मोठ्या घरची साक्ष खरी मानावयाची, ही रीत आमच्याच न्यायसभांतून होती असे नाही.

नंतर घटना भराभर घडल्या. १९६७ त ह्यूइश यांच्याच यंत्रावर जोसलिन बेल या विद्यार्थिनीस नियमित ठोके देणारा पहिला स्पंदक सापडला. १९६८ च्या अखेरीस ग्रीन बँक येथे स्टेलिन व रायफेनस्टाइन यांस खेकडा अभ्रिकेच्या बाजूने येणारे रेडिओ ठोके मिळाले, आणि अरेसिबोच्या महादुर्बिणीने त्यांचा काळ मोजला: सेकंदाचा सुमारे तेहेतिसहजारांश नव्हे, हजारांशाचे तेहेतीस भाग, म्हणजे सेकंदाला तीस ठोके! इतक्या वेगाने फिरूनही जो फुटत नाही, तो न्यूट्रॉन ताराच असला पाहिजे. लवकरच असे दिसले, की हा ठोका दररोज सुमारे ३६ अब्जांश सेकंदाने लांबत आहे. टॉमस गोल्ड यांनी हिशेब मांडला: फिरण्याचा वेग मंदावून हा तारा जी शक्ती गमावतो, ती सूर्याच्या तेजाच्या सुमारे लक्षपट भरते, आणि अभ्रिकेच्या रोजच्या खर्चास ती पुरून उरते. असा तारा आपल्या फिरण्यातूनच अभ्रिकेस पोशीत असावा, असे फ्रांको पाचिनी यांनी १९६७ त, ठोके सापडण्यापूर्वीच, लिहून ठेवले होते. अन्नदाता सापडला. १९६९ च्या जानेवारीत कॉक, डिस्ने व टेलर यांनी ॲरिझोनातून पाहिले, तो दृश्य प्रकाशातही ठोके देणारा तारा तोच, ज्याच्याकडे बाडे व मिन्कोव्स्की यांनी १९४२ त बोट दाखविले होते. सव्वीस वर्षे तो सेकंदास तीस वेळा डोळे मिचकावीत होता, आणि छायाचित्राची काच तासभर उघडी ठेवणाऱ्यास ते दिसणे शक्य नव्हते.

मग चंद्र खोटे बोलला काय? मुळीच नाही. १९६९ च्या मार्चमध्ये फ्रीडमन यांच्याच मंडळीने पुन्हा अग्निबाण सोडून क्ष-किरणांतील ठोकेही टिपले, तेव्हा उलगडा झाला. अभ्रिकेच्या एकंदर क्ष-किरणांपैकी ताऱ्याचा स्वतःचा वाटा शेकडा पाचदहाच आहे. बाकी सारे त्याने पोसलेल्या ढगाचे. १९६४ त चंद्राने ताऱ्यास झाकले तेव्हा किरणांत शेकडा पाचदहाची घट एकाएकी झाली असेलच; परंतु एकेक कण मोजणाऱ्या त्या यंत्राच्या आकड्यांत स्वाभाविक चढउतारच एवढा, की त्यात ती घट बुडून गेली. 'किरण मुख्यतः ढगातून येतात' एवढेच चंद्राने सांगितले होते, आणि ते अक्षरशः खरे होते. 'म्हणून तेथे न्यूट्रॉन तारा नाही' हे वाक्य ऐकणाऱ्यांनी जोडले. फ्रीडमन यांस दोष देणे आम्हांस अनुदार वाटते. पाच मिनिटांत जे मिळवावयाचे ते त्यांनी मिळविले होते. तारा आहे तर तो झगझगीतच असला पाहिजे, ही त्या काळच्या गणिताची समजूत खरी दोषी.

या कथेचा एक भाग दप्तरे चाळणारांस विशेष रुचेल. ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाच्या मंडळीने १९६७ त एका बलूनमधून अभ्रिकेचे कठीण क्ष-किरण मोजले होते. तेव्हा स्पंदक हा शब्दही जन्मला नव्हता. ठोक्यांचा काळ कळल्यावर फिशमन व त्यांचे सहकारी यांनी १९६९ त ती जुनी नोंद पुन्हा काढून त्या काळाप्रमाणे चाळली. आणि ठोके त्यात होते! ते टिपलेले होते, जपून ठेवलेले होते. विचारणारा कोणी नव्हता.

पिधानाची विद्या पुढे आमच्या देशात येऊन स्थिरावली, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियात शिकून आलेले गोविंद स्वरूप १९६३ त टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू होण्याच्या बेतात असता '३सी २७३'च्या पिधानावरील लेख त्यांच्या वाचनात आला, व त्यावरूनच आपणांस पुढील कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आरंभ कल्याण येथे ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या बत्तीस लहान तबकड्यांनी सूर्य पाहण्यात झाला. पण मन चंद्राकडे होते. उटीजवळ अकरा अंशांच्या सुमाराचा असा एक डोंगरउतार त्यांनी शोधून काढला, की त्याचा कल तेथील अक्षांशाएवढाच. त्यावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण टाकली म्हणजे तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाशी समांतर होतो, आणि चंद्रामागे तासन्‌तास जाणे सोपे पडते. १९७० त ती पुरी झाली, व चंद्राच्या सुरीने तिने हजारांहून अधिक दूरस्थ उगम मापून काढले. याच स्वरूपांच्या नेतृत्वाखाली पुढे जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. स्वरूप २०२० साली पुण्यास वारले.

२०१५ च्या सप्टेंबरात भारताने 'ॲस्ट्रोसॅट' हा उपग्रह सोडला. त्यावरील एका क्ष-किरण यंत्राने दीड वर्षाच्या अवधीत खेकडा अभ्रिकेकडे वारंवार पाहिले. या यंत्राचे घड्याळ ताऱ्याच्या ठोक्याशी जुळवून घेण्यास उटी व खोडद येथील दुर्बिणींच्या वेळनोंदी कामी आल्या. ठोक्याच्या प्रत्येक फेऱ्यात ताऱ्याचे दोन झोत आपल्यावरून जातात. त्यांच्या पश्चात फेरा पुरा होईपर्यंतचा जो अवधी, त्यात तारा मुका असतो व येणारे किरण केवळ ढगाचे असतात, असे सर्वजण धरून चालत. त्या किरणांच्या ध्रुवणाचे मापन २०१७ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. ढग प्रकाशवर्षांच्या विस्ताराचा. त्याचे ध्रुवण सेकंदाच्या हजारांशात बदलणे संभवत नाही. ते बदलत होते, आणि सर्वांत अधिक त्या मुक्या अवधीतच.